माझं झाड नव्हे

"मोठ्या काकू, आज दोन-दोन कुंकवं लावलीत?"

"एकच लावलंय गं," मी म्हटलं. "नवरा एकच आहे, दुसरं कुणाच्या नावानं लावू?"

उकड मळणाऱ्या बायका हसल्या. विचारणारी अनुयाही हसली. मग तिनं एक डोळा मिटून माझ्याकडे बघितलं. "हां, आता एकच दिसतंय," असं म्हणाली आणि भिंतीला डोकं टेकून बसली.

सांगलीतलं मंगल कार्यालय होतं, नवरात्रातली अष्टमी होती. आमच्यात लग्न झालेल्या मुलीनं पहिली पाच वर्षं या दिवशी महालक्ष्मी पुजायची असते. दिवसभर उपास करायचा. संध्याकाळी तांदळाच्या उकडीचा मुखवटा करून देवी उभी करायची आणि तिच्यापुढे घागरी फुंकायच्या. घागर उदाच्या धुरावर धरायची, मग दोन्ही हातांत घेऊन तिच्या तोंडाशी फुंकर घालत नाचायचं. अशा दहा-बारा घागरी एकदम घुमायला लागल्या की माणसाला दुसरं काही सुचत नाही. घुमता घुमता एखादीच्या अंगात देवी येते. मग बायका तिची ओटी भरतात, मनातलं विचारतात. जिच्या अंगात येते तिला देवीचं झाड म्हणतात.

आमच्या मंडळात ते झाड मी होते, पुष्कळ वर्षांपासून. त्यात मी कन्याशाळेत गणित शिकवायचे, त्यामुळं स्टाफरूममध्ये माझी भरपूर चेष्टा व्हायची. "कुमुदबाई, देवीला विचारा की, यंदा दहावीचा पेपर सोपा आहे का?" मी म्हणायचे, देवीला सोपं, तुमच्या विद्यार्थिनींचं सांगता येत नाही. पण खरं का खोटं, हे मला विचारू नका. येते तेव्हा येते. मी बोलावत नाही आणि मला थांबवताही येत नाही.

अनुया म्हणजे माझ्या धाकट्या जावेची, शैलाची सून. लग्नाचं तिसरं वर्ष चालू होतं आणि पोटुशी होती, पाचवा महिना. शैलाचा आणि माझा छत्तीसचा आकडा होता असं नाही, पण दोघी एका चुलीवर बरीच वर्षं राहिलो आणि वेगळ्या झाल्यावरच एकमेकींशी नीट बोलायला लागलो. दरवर्षी देवी आली की शैला सगळ्यांच्या पुढे घुसायची. लेकाला, सारंगला, नोकरी कधी, फ्लॅट कधी, सून कधी, नातवंड कधी. आणि दुसऱ्या दिवशी कुणाला तरी सांगायची, "देवी आमच्याच घरात येते हो, पण आमच्याकडे नाही, वहिनींकडे."

मी अनुयाजवळ जाऊन बसले.

"डोकं अजून दुखतंय का गं?"

"आडवं झालं की फार. बसलं की जरा बरं वाटतं."

"उलट्या?"

"सकाळी घोटभर पाणी प्यायले, तेसुद्धा राहिलं नाही."

"मग आता तरी पी. पोटुशी बाईला कसला आलाय कडकडीत उपास?"

शैलानं मुखवट्याचं नाक सरळ करता करता मान वळवली. "मी नाही हो सांगितलं तिला वहिनी, तिचा तिनंच धरलाय. आणि डॉक्टरीणबाईंना फोन केलाय परवा. पित्त झालंय म्हणाल्या. सुंठ उगाळून लावलीय कपाळाला."

"मग निदान घागर तरी नको फुंकू दे."

"पाच फुंकरा घालील आणि बसेल. गेल्या वर्षी अडचण आली, वर्ष मोडलं. यंदा तरी पुरं होऊ दे."

"घालते काकू," अनुया म्हणाली. "आईंना बरं वाटेल."

पोर गुणी होती, हाच तिचा दोष. दुसरीच्या सुनेच्या बाबतीत किती नाक खुपसायचं?

दिवेलागणीला आरती झाली आणि घागरी सुरू झाल्या. मी पदर खोचून उभी होते, पण अजून घागर हातात घेतली नव्हती. पहिला मान नव्या मुलींचा. अनुया चौथी की पाचवी उठली. तिनं घागर धुरावर धरली, वर उचलली, दोन-तीनदा फुंकली. छान घुमली घागर. मग ती एकदम थांबली आणि उजव्या हाताकडे बघत राहिली. हात थडथडायला लागला होता. आधी बोटं, मग मनगट, मग कोपरापासून सगळा हात. घागर सुटून खाली पडली आणि गडगडत खांबाला जाऊन लागली. अनुयाच्या तोंडाचा उजवा कोपरा ओढला गेला आणि ती बोलायला लागली.

"टोपी... टोपी चार... ते दारात चार..."

"आली!" कुणीतरी म्हणालं. "आई आली गं, शैलाच्या सुनेत आली!"

बायका धावल्या. तिला पाटावर बसवलं, मळवट भरला, हळद-कुंकवाचे हात लावले. शैला तिच्यापुढे गुडघ्यांवर बसली तेव्हा तिचा चेहरा मी बघितला. इतकी आनंदलेली मी तिला तिच्या मुलाच्या लग्नातसुद्धा बघितली नव्हती. तिनं हात जोडले.

"आई, माझ्या घरी आलीस. सांग आई, बाळ सुखरूप येईल ना?"

"टोपी," अनुया म्हणाली. "चार... टोपी."

"टोपी म्हणतीये! मुलगा होणार शैला!" मागून आवाज आला आणि सगळ्या हसल्या.

मला काही ते बघवेना. देवी अंगात येते तेव्हा काय होतं ते माझ्याइतकं त्या सभागृहात कुणाला ठाऊक होतं? सगळं अंग घुमतं. दोन्ही हात, दोन्ही पाय, कंबर, मान. देवी काही अर्ध्या अंगात येत नाही. या पोरीचं डावं अंग शांत होतं आणि उजवं तेवढं उडत होतं. डोळे एकाच बाजूला वळून तिथंच खिळले होते. आणि तिच्या साडीखाली पाट ओला झाला होता. बायकांना वाटलं तीर्थाचं भांडं कलंडलं. मी वाकून बघितलं, ते तीर्थ नव्हतं.

मी शैलाचा दंड धरला. "शैला, ऊठ. ही देवी नाही. झटका आलाय तिला. गाडी बोलाव, मिरजेला न्यायचं."

"वहिनी, हात नका लावू. कोप होईल."

"अगं, तोंड बघ तिचं. एकाच बाजूला वाकडं झालंय. बोलणं बघ. काही तरी भलतंच झालंय पोरीला."

शैला उठली. तिचा आवाज शांत होता, पण मंडळातल्या सगळ्यांना ऐकू जाईल इतका मोठा होता. "तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणात देवी आलेली चालत नाही का हो? इतकी वर्षं तुमचीच ओटी भरतोय आम्ही. एक दिवस माझ्या घरी आली तर लगेच झटका?"

आजूबाजूच्या बायकांनी माझ्याकडे असं बघितलं की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मत्सर नाही हे कुणाला कसं पटवून द्यायचं? मी दरवाज्याकडे बघितलं. पुरुषमाणसं खाली जेवणाच्या तयारीत होती, सारंगही त्यांच्यातच. खाली जाऊन त्याला वर आणायचं, त्यानं आईशी वाद घालायचा, बायकांनी त्याला अडवायचं. तेवढा वेळ नव्हता. अनुयाचा आता पायही उडायला लागला होता.

मी खांबापाशी गेले, तिचीच घागर उचलली आणि फुंकली.

एरवी मला बराच वेळ लागतो. त्या दिवशी मी वेळ घेतला नाही. केस सोडले, घुमले, चार पावलं नाचले आणि सगळ्यांच्या मधोमध जाऊन उभी राहिले. माझ्यात काहीही आलेलं नव्हतं.

"हे माझं झाड नव्हे!" मी ओरडले. "कुणाची ओटी भरताय? लेकरू आजारी आहे माझं. उचला तिला. आत्ता गाडीत घाला. उशीर केलात तर माझ्याशी गाठ आहे."

मी शैलाकडे बघितलं नाही, बघायचं धाडसच झालं नाही. पण सगळ्यांत आधी हलली ती शैला. तिनं अनुयाच्या पाठीखाली हात घातला आणि म्हणाली, "आई सांगतीये ना, बघताय काय? पाय धरा."

केटररच्या ओमनीत तिला घातलं. सारंग पुढे, आम्ही दोघी मागे. मिरजेच्या वाटेवर तिला मोठा झटका आला आणि मग ती निपचित झाली. शैलानं तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि मळवट पदरानं पुसत होती.

मिरजेच्या हॉस्पिटलात झटके थांबवायचं इंजेक्शन दिलं, बाळाचे ठोके बघितले, डोक्याचा फोटो काढायला मशीनमध्ये घातलं. डॉक्टर तांबोळी म्हणून एक तरुण डॉक्टरीण होत्या. त्यांनी आम्हा तिघांना बाकावर बसवलं आणि स्वतः समोर खुर्ची ओढून बसल्या.

"मोरी तुंबली की पाणी कुठं जातं?" त्यांनी शैलाला विचारलं.

"घरात येतं," शैला म्हणाली.

"तेच झालंय. मेंदूत रक्त जातं तसं परतही यावं लागतं. परत आणणाऱ्या शिरांत गुठळी झालीय. गरोदरपणात बाईचं रक्त मुळात घट्ट होतं, बाळंतपणात फार वाहून जाऊ नये म्हणून निसर्गानंच केलेली सोय ती. त्यात यांना उलट्या, आणि पोटात पाणी नाही. डोकं किती दिवस दुखत होतं?"

"चार-पाच दिवस," सारंग म्हणाला. "पित्त आहे असं वाटलं."

"तुंबल्यामुळं मागं दाब वाढलाय आणि थोडा रक्तस्राव झालाय. वाचा आहे त्याच भागात. आता रक्त पातळ करायचं इंजेक्शन सुरू करू."

सारंग चक्रावला. "थांबा. रक्तस्राव झालाय म्हणता, आणि वर रक्त पातळ करायचं?"

"हो. ऐकायला उलटं वाटतं, कळतंय मला. पण रक्तस्राव तुंबल्यामुळं झालाय. वाट मोकळी झाली नाही तर वाढत जाईल. हे औषध बाळापर्यंत पोहोचत नाही. धोका अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. न देण्यात जास्त धोका आहे, एवढं मात्र खात्रीनं सांगते. तुम्ही ठरवा, पण फार वेळ लावू नका. सही लागेल."

त्या आत गेल्या. सारंग कागद हातात धरून बसला आणि पेन उघडलं की मिटायचा, मिटलं की उघडायचा. "आई, मला नाही समजत," तो म्हणाला. "उद्या काही झालं तर मीच दिलं म्हणायचं का?"

शैला उठली आणि मला हाताला धरून जिन्यापाशी घेऊन गेली. इतका वेळ माझ्याशी न बोललेली बाई आता गयावया करत होती.

"वहिनी, विचारा ना."

"कुणाला?"

"आईला. संध्याकाळी बोलली तशी. द्यायचं की नाही, एवढंच विचारा. घागर नसली म्हणून काय झालं? तुमचं ऐकते ती."

खोटं कशाला बोलू, मोह झाला मला. डोळे मिटायचे, मान हलवायची आणि "दे" म्हणायचं. सारंगनं लगेच सही केली असती. शैलाला धीर आला असता. आणि वाईट झालं असतं तर देवीची इच्छा म्हणून मीही मोकळी झाले असते. पण त्या पोरीच्या जिवाचा निर्णय असा दुसऱ्याच्या नावावर टाकायला माझं मन धजेना. एकदा टाकला होता, तो तिला तिथून उचलायला. इथं तिला उचलून झालं होतं.

"शैला, संध्याकाळी देवी आली नव्हती," मी म्हटलं. "मीच बोलले."

"मग आता कोण सांगणार?" तिनं विचारलं.

"मी सांगते. मी, कुमुद. इंजेक्शन द्या. ती डॉक्टरीण खरं बोलतीये, धोका लपवत नाहीये. मला तिचं पटलंय. आणि काही बरंवाईट झालं तर जन्मभर माझ्या नावानं बोटं मोड. मी ऐकून घेईन."

शैलानं पदरानं तोंड पुसलं. तशीच परत गेली आणि सारंगपुढे उभी राहिली.

"सही कर रे," ती म्हणाली.

पहिले दोन दिवस अनुया झोपूनच होती. तिसऱ्या दिवशी तांबोळीबाईंनी तिच्यापुढे पेन धरलं. "हे काय?" अनुया म्हणाली, "चमचा." सारंग बाहेर जाऊन रडला. पुढच्या आठवड्यात ती त्याच पेनकडे खूप वेळ बघत राहिली, कपाळाला आठ्या घातल्या, आणि म्हणाली, "लिहायचं असतं ते... पेन." उजव्या हाताची मूठ वळायला लागली. दोन-दोन दिसायचं थांबलं. घरी आली तेव्हा ती सावकाश बोलत होती, शब्द शोधून शोधून, पण बरोबर बोलत होती.

ती इंजेक्शनं बाळंतपणापर्यंत आणि नंतरही काही आठवडे घ्यायची होती, रोज दोन वेळा, पोटावर. सुई बघितली की शैलाला भोवळ यायची. रक्त तपासायचं म्हटलं तरी ही दुसरीकडे तोंड करून रामरक्षा म्हणणार. ती शैला नर्सकडून शिकली आणि रोज सकाळ-संध्याकाळ सुनेला इंजेक्शन देऊ लागली. "दादा-बाबा करून पाणी पाजते आणि मग टोचते," अनुया मला हसत सांगायची, "काकू, सासू आहे की कंपाउंडर, कळत नाही." फाल्गुनात मुलगी झाली. मी म्हटलं, टोपी शिवून ठेवलीय का गं शैला? तर शैलाही हसली.

पण त्या संध्याकाळबद्दल ती माझ्याशी चकार शब्द बोलली नाही. सांगलीभर मात्र बोलबाला झाला. देवीनं घागरीतून सांगितलं म्हणून पोर वाचली. दुकानात, बँकेत, भाजीवालीकडे लोक मला थांबवून नमस्कार करायचे. मला लाज वाटायची. आणि हे सगळीकडे सांगत कोण होतं, तर शैलाच. मी तिला जिन्यापाशी खरं सांगितलं होतं आणि ती तरीही हेच सांगत सुटली होती. मला कळेना, हिला माझं खरं वाटलं नाही, की ही मला चिमटे काढतीये? मनातल्या मनात मी वर्षभर कुढले. आणि दुसरीही धास्ती होतीच. देवीचं नाव मी न विचारता वापरलं होतं. आता ती माझ्याकडे कशाला येईल?

पुढची अष्टमी आली. अनुयाला घागर फुंकायची नव्हती. डॉक्टरांनी मना केलं होतं, आणि त्याहून जास्त शैलानं. अनुया खुर्चीवर पोरीला मांडीवर घेऊन बसली होती आणि शेजारी पाण्याची मोठी बाटली होती. माझी पाळी आली तेव्हा मी घागर धुरावर धरली. म्हटलं, आली तर आली, नाही आली तर देवापुढे शहाणपण कशाला, गुपचूप खाली बसू.

आली. टाळूपासून गार पाणी ओतल्यासारखी आली, नेहमीसारखी, सगळ्या अंगात. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. बायका येत होत्या, ओट्या भरत होत्या, विचारत होत्या. उत्तरं दिली जात होती. मग शैला आली.

दरवर्षी पुढे घुसणारी शैला त्या वर्षी सगळ्यांत शेवटी आली. तिनं ओटी भरली, डोकं टेकवलं, आणि मग माझ्या कानाशी तोंड आणलं, दुसऱ्या कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून.

"आई, यंदा मागायचं काही नाही," ती म्हणाली. "एक सांगायचंय. गेल्या वर्षी तू आली नव्हतीस ते मला तेव्हाच कळलं होतं, वहिनींनी नंतर सांगायच्या आधी. इतकी वर्षं तुझं बोलणं ऐकलंय मी. तो आवाज वहिनींचा होता, वर्गातल्या पोरींवर ओरडायचा. पण मी त्यांना चारचौघींत भलतंसलतं बोलून बसले होते. आता त्यांचं ऐकायचं कसं? तुझं म्हणून ऐकता आलं. सगळीकडे तुझंच नाव सांगितलं, त्यांना कुणी खोटं म्हणू नये म्हणून. रागावू नकोस. माझी सून त्यांनी वाचवली. तोंडावर सांगायला जीभ रेटत नाही माझी. तू जाताना त्यांना सांग."

अंगात आलेलं असताना मला सगळं ऐकू येतं. उत्तर माझं नसतं, पण ऐकू येतं. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, शैलालाही नाही.

माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि ते थांबेना. बायकांत कुजबुज सुरू झाली. "आई रडतीये," कुणीतरी म्हणालं. "का गं रडतीये? काही वाईट तर नाही?"

"काही नाही," शैला म्हणाली आणि पदरानं माझं तोंड पुसायला लागली. "उदाचा धूर गेलाय डोळ्यांत. सरका जरा, वारा लागू दे त्यांना."